आईच्या पिशवीतल्या अकरा डब्या: बी१२, हाळीव, गुळवेल आणि घरचं जेवण

पारिजातक

नमस्कार मंडळी. महिनाभर लिहू की नको करत होते, आज बसलेच.

दिवाळीनंतर आईला मिरजेहून पुण्याला आणलं. वय ६८. वर्षभरात तिचं चालणं मंदावलं होतं. तळपायांना मुंग्या, जिना चढला की धाप, आणि जीभ इतकी हुळहुळी की आमटी जरा तिखट झाली तरी ताट बाजूला सारायची. आम्ही सगळ्यांनी वयावर ढकललं. मीसुद्धा. ते आता फार बोचतं.

तिची पिशवी आवरायला घेतली तर आत अकरा डब्या निघाल्या. तीन डॉक्टरांच्या: मधुमेहाची मेटफॉर्मिन (बारा वर्षं चालू आहे), थायरॉइडची, रक्तदाबाची. बाकीच्या आठ आमच्या मायेच्या. मावशीने दिलेल्या हळदीच्या कॅप्सूल, शेजारच्या काकूंनी सुचवलेला गुळवेलीचा रस, भावाने सिंगापूरहून पाठवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, मी स्वतः मागवलेलं कॅल्शियम, शिवाय अश्वगंधा, स्पिरुलिना, ज्येष्ठमध घातलेली काढ्याची पूड, आणि सांधेदुखीच्या काही गोळ्या, ज्यांच्या डबीवर आत काय आहे ते छापलेलंच नव्हतं. यातलं बहुतेक सगळं ती सकाळी चहाबरोबर एकदम घ्यायची. "एकदा घेतलं की दिवसभर विचार नको," म्हणाली.

इथल्या डॉक्टरांकडे जाताना आख्खी पिशवीच नेली. त्यांनी एकेक डबी टेबलावर मांडली, प्रत्येक कधीपासून आणि कशासाठी ते आईला विचारलं, मग रक्त तपासायला पाठवलं. बी१२ आलं ११८ पिकोग्रॅम. त्या लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास. हिमोग्लोबिन ११.२. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडत असल्याचं सांगणारा आकडा, वाढलेलं. रक्तदाब १७०/९६, तोही तीन महिन्यांपूर्वी गोळी वाढवून दिलेली असताना.

एकेक धागा उलगडत गेला. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून निदान चार तास लांब ठेवायची असते. आई दोन्ही एका घोटात गिळायची, म्हणजे मी आणलेल्या कॅल्शियमने तिची थायरॉइडची गोळी अडवून धरली होती. ज्येष्ठमध रोज, महिनोन्‌महिने पोटात गेला तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. खोकल्याला दोन दिवस काडी चघळणं वेगळं, रोजचा काढा वेगळा. आणि ज्या एका गोष्टीची तिला खरी गरज होती ती आठ डब्यांत असून नसल्यासारखी होती. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी१२ होतं, पण इतकं थोडं की तिच्या पोटातून ते रक्तापर्यंत पोचत नव्हतं.

आता बी१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. काढा बंद, सांधेदुखीच्या बेनाम गोळ्या बंद, बाकीचं एकेक करून तपासतोय. तुमच्या घरी हे कसं चालतं? वयस्कर माणसांच्या जेवणात तुम्ही काय बदल केलेत? वनस्पती, चूर्णं, गोळ्या यातलं काय ठेवलंत, काय काढलंत? मला आईसाठी नीट समजून घ्यायचं आहे.

स्टेथोस्कोप

पारिजातक, पिशवी घेऊन गेलात हे सगळ्यात चांगलं केलंत. रुग्ण "चालू औषधं" सांगतो तेव्हा त्यात काढा, चूर्ण, कॅप्सूल कधीच नसतात. लपवायचं नसतं, ती औषधं वाटतच नाहीत.

बी१२ विषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या शाकाहारी घरांत ही कमतरता फार दिसते. बी१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते येतं प्राण्यांकडून: मासे, मटण, अंडी, दूध, दही. भाजी, डाळ, फळ, धान्य यांतून भरवशाचं मिळत नाही. स्पिरुलिनामध्ये जे असतं तो बहुतांशी नुसता बी१२ सारखा दिसणारा रेणू असतो, शरीराला त्याचा उपयोग नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम सांगितलेत. मोठा पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. म्हणजे दोन पेले दूध आणि वाटीभर दही घेणाऱ्याचं कागदावर भागतं. पण ते जठरातल्या आम्लाने अन्नापासून सुटावं लागतं, मग जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जावं लागतं. वय वाढलं की आम्ल कमी होतं. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की आणखी कमी. मेटफॉर्मिन शोषणाची वाट अडवतं. तुमच्या आईंचं असं झालं असणार.

मोठ्या मात्रेची गोळी, १००० मायक्रोग्रॅमची, थोडं वेगळं काम करते. तिचा जेमतेम एक टक्का त्या प्रथिनाशिवायच आतड्यातून आत झिरपतो, आणि तेवढं पुरतं. मुंग्या असताना सुरुवात बहुधा इंजेक्शनने करतात, पुढे पुष्कळांना गोळी चालते. ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आणखी एक. मल्टिव्हिटॅमिनमधलं फॉलिक ॲसिड हिमोग्लोबिन सावरून धरतं, पण बी१२ नसल्याने नसांची झीज चालूच राहते. म्हणून ११.२ बघून कुणी निश्चिंत झालं असतं तर मुंग्या वाढत गेल्या असत्या. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्या प्रत्येकाने बी१२ अधूनमधून तपासावं. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

रापणकर

आम्ही मालवणकडचे. आजी ९१ वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने जवळा निवडायची. पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा सुकट, जवळा, सुके बांगडे. तारली छोटी, काट्यासकट चावून खायची, म्हणजे कॅल्शियमही पोटात जातं. आमच्याकडे बी१२ हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, पण स्टेथोस्कोप यांचं वाचल्यावर कळलं की आजीच्या ताटात तो रोजच होता.

एक सांगतो, सुक्या मासळीत मीठ भरपूर. रक्तदाब असेल तर दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्या. माझ्या वडिलांना हे उशिरा सांगितलं गेलं.

पारिजातक

रापणकर, आई माळकरी आहे, अंडंही खात नाही, आणि ते मी बदलायला जाणार नाही. पण सुक्या मासळीचं सासूबाईंना नक्की सांगते, त्या खातात.

हिरडा_बेहडा

मी आयुर्वेदाची पदवीधर, गेली सतरा वर्षं साताऱ्यात चिकित्सा करते. धागा वाचून वाईट वाटलं, कारण यात वनस्पतींची बदनामी होते आणि ती त्यांच्या चुकीने होत नाही.

आयुर्वेदात नुसतं द्रव्य कधीच नसतं. कुणाला, किती, कशाबरोबर, कोणत्या ऋतूत आणि किती दिवस हे सगळं मिळून औषध होतं. ज्येष्ठमध उत्तम आहे. तो रक्तदाबाच्या रुग्णाला रोज, वर्षभर द्या असं कुठलाही जाणता वैद्य सांगणार नाही. गुळवेलीचा रस महिनोन्‌महिने पिण्याची रीत करोनाच्या काळात घराघरांत शिरली. आमच्याकडे ती ठरावीक मुदतीसाठी, माणूस बघून देतात.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, कारण त्या कुळातली दुसरी वेल दिसायला फार जवळची आहे आणि ओळख पटवलेली नव्हती असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजूंतून एकच कळतं: बाजारातली सुटी पूड किंवा कुणी कुंपणावरून तोडून आणलेली वेल घेऊ नये. अश्वगंधेचंही तेच. औषधात मूळ वापरतात. कारखाने पानं मिसळू लागले तेव्हा आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये पानं वापरू नका असं कळवावं लागलं.

आणि ती बेनाम डबी फेकलीत, फार बरं केलंत. घटक छापलेले नाहीत, परवाना क्रमांक नाही, ते औषध आयुर्वेदाचं नव्हेच. अशा सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड निघतं. महिनाभर गुडघे हलके होतात आणि साखर, रक्तदाब, हाडं यांची वाट लागते. आईंनी ती किती दिवस घेतली ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्टेरॉइड असेल तर एकाएकी थांबवल्यानेही त्रास होऊ शकतो.

स्टेथोस्कोप

हिरडा_बेहडा, मात्रा आणि मुदतीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. यकृताबाबत मी थोडं पुढे जाईन. वेल ओळखून घेतलेली असली तरी ज्यांना आधीच यकृताचा किंवा थायरॉइड, संधिवातासारखा स्वतःच्या प्रतिकारशक्तीतून आलेला आजार आहे, त्यांनी गुळवेल टाळावी असं माझं मत आहे. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला त्रास झालेला आहे आणि ती थायरॉइडची पातळी हलवते. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. तितकी टोकाची भूमिका मी घेणार नाही, पण थायरॉइडची गोळी चालू असताना मनाने नको. गरोदरपणात तर नकोच.

शिवाय २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भारतात बनलेली आणि अमेरिकेत बनलेली, दोन्ही त्यात होती.

हिरडा_बेहडा

धातूंपासून केलेल्या भस्मांबद्दल मीही तेच सांगते, वैद्याच्या देखरेखीशिवाय हात लावू नका. संधिवाताच्या रुग्णांत गुळवेल मी वापरलेली आहे आणि गुणही पाहिलाय, म्हणून तुमच्या यादीतला तो भाग मला मान्य नाही. पण यकृताच्या तपासण्या करून घेते, हे खरं.

वाटीभर_वरण

हळदीच्या कॅप्सूलचं कुणी बोललंच नाही. माझ्या नवऱ्याला गुडघ्यांसाठी कुणीतरी दिल्या होत्या. डबीवर लिहिलं होतं, "मिरीच्या अर्कासह". सांगणाऱ्याने कौतुकाने सांगितलं की मिरीमुळे हळद वीस पट अंगी लागते. अंगी जास्त लागते हे खरंच आहे, बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं. पण माझा नवरा रक्त पातळ करायची गोळी घेतो! मिरीचा अर्क इतर औषधांचंही प्रमाण रक्तात वाढवतो आणि हळदीचा असा दाट अर्क रक्तस्राव वाढवू शकतो, हे आमच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं म्हणून वाचलो. भाजीतली चिमूटभर हळद आणि पाचशे मिलीग्रॅमची कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तेव्हा कळलं.

जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेने १९९५ मध्ये पेटंट दिलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख असताना ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. म्हणून तर वाटतं, आपल्या हळदीची नीट माहिती आपल्याच घरांत असावी.

मोहफूल

मी गडचिरोली जिल्ह्यात परिचारिका आहे. इथं बाटल्यांचा प्रश्न नाही, गोळी घ्यायला लावण्याचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे हा धागा वाचणाऱ्यांच्या घरातही कुणीतरी आहेच.

सरकारी लोहाची गोळी फुकट मिळते, ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गरोदर बाईला लाल, शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा निळी. बाया सोडून देतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणार हे आधीच सांगितलं तर त्या घाबरत नाहीत. हे एक वाक्य बोलायला कुणाला वेळ नसतो, म्हणून पाकिटं घराच्या वळचणीला सापडतात.

गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर लांब ठेवा, हैदराबादच्या पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही हेच आहे. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या, आवळा खा, पेरू खा. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर नको. डाळ-भाजीवर लिंबू पिळायची सवय तर सगळ्या घराने लावून घ्यावी. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा, आंबटपणाने कढईचं लोह उतरतं.

आणि विनंती. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, पुष्कळ आहे, नंदुरबारकडेही. फिकट दिसली की लोह सुरू, असं करू नका. आधी सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी, आणि मग डॉक्टरांना ठरवू द्या. वारंवार रक्त भरलेल्या लेकराच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं.

पारिजातक

मोहफूल ताई, "काळं होणार हे आधीच सांगा" हे मी माझ्या कामवाल्या मावशींना कालच सांगितलं. त्यांच्या मुलीने निळ्या गोळ्या याच भीतीने सोडल्या होत्या.

धावता_धोटा

वय २४, इचलकरंजी. जिम लावलंय. ट्रेनरने प्रोटीन पावडर आणि अश्वगंधा दोन्ही सांगितलंय. घरचे नको म्हणतात. कुणाचं ऐकू?

स्टेथोस्कोप

दादा, किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं ही प्रौढाची रोजची गरज. तू ६५ किलोचा असलास तर ५४ ग्रॅम. व्यायाम जोरात असेल तर थोडी जास्त. दोन वाट्या घट्ट वरण, उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, दूध, आणि खात असशील तर दोन अंडी. बहुतेक भागतं. भात-वरणाची जोडी सोडू नकोस, डाळीत जे कमी ते भातात आहे आणि भातात कमी ते डाळीत. पोषण संस्थेच्या त्याच २०२४ च्या मार्गदर्शनात स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट म्हटलंय. ट्रेनरला तुझ्या यकृताची आणि मूत्रपिंडाची माहिती नाही. घरच्यांचं ऐक.

नारळाची_चव

हाळिवाबद्दल लिहायचं होतं. जुन्या पोषण तक्त्यांत हाळिवात १०० ग्रॅममागे १०० मिलीग्रॅम लोह दिलेलं असायचं, अजूनही सगळीकडे तेच फिरतं. २०१७ च्या नव्या तक्त्यांत ते सुमारे १७ आहे. तरीही १७ पुष्कळच, पण एका लाडवात हाळीव चमचाभरच असतं. म्हणजे लाडू खाऊन हिमोग्लोबिन आठावरून बारावर जाणार नाही. बाळंतिणीला द्यायचे ते लोह, खोबरं, गूळ सगळं मिळून ताकद यावी म्हणून, आणि मायेने.

माझ्या आईची पद्धत: पाव वाटी हाळीव एका नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचं. चांगलं फुगलं की दोन वाट्या ओलं खोबरं, दीड वाटी चिरलेला गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळायचं, शेवटी जायफळ. ओल्या खोबऱ्याचे आहेत, तीन-चार दिवसांत संपवा. पारिजातक, आईंना मधुमेह आहे, तेव्हा गुळाऐवजी चमचाभर भिजवलेलं हाळीव लिंबूपाण्यात द्या. नाचणीची आंबीलही द्या. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि मोड आणून केली तर ते अंगीही जास्त लागतं.

धुकट_गाव

स्कॉटलंडहून. इथे ऑक्टोबर ते मार्च सूर्य असून नसल्यासारखा, म्हणून सरकारच सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड जीवनसत्त्व घ्यायला सांगतं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या माणसांना वर्षभर विचार करायला सांगतात.

मी शहाणपणा केला आणि भारतातून ६०,००० युनिटची पाकिटं आणली. आठवड्याला एक, आठ आठवडे, असं चिठ्ठीवर होतं. मी ती वर्षभर चालू ठेवली. थंडीत बरं वाटत होतं म्हणून. मग भूक गेली, सारखी तहान, बद्धकोष्ठ. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे उतरायला महिने लागले. मूत्रपिंड थोडक्यात बचावलं. घरी कुणाकडे ती पाकिटं असतील तर मुदत बघा, कृपा करून.

रापणकर

एक राहिलंच. सकाळी दुधी भोपळ्याचा रस पिणारे असतील तर आधी एक फोड चाखा. कडू लागला तर सगळा फेका, भाजीलाही नको. कडू दुधीच्या रसाने माणसं गेलीत, त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. आमच्या गावात एकाला रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या, साखर टाकून प्यायला होता.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितेय.

हिरडा_बेहडा, तुमचं वाचून त्याच दिवशी डॉक्टरांना त्या बेनाम गोळ्यांचं पुन्हा सांगितलं. आईने जेमतेम तीन आठवडे घेतल्या होत्या, तरी त्यांनी सकाळची कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासणी केली. ती ठीक आली.

अकराच्या जागी आता पाचच गोष्टी आहेत. तिची तीन औषधं, बी१२, आणि कॅल्शियम, पण रात्रीच्या जेवणानंतर. थायरॉइडची गोळी ती पहाटे उठल्या उठल्या घेते, चहा तासाभराने. वेळा मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्यात, कुणी नवीन काही दिलं तर त्या कागदावर चढल्याशिवाय पोटात जाणार नाही असं भावाशी आणि मावशीशी बोलून ठरवलंय. मावशीला आधी राग आला, मग तिने स्वतःचंच बी१२ तपासलं. १६० निघालं.

रक्तदाब १३४/८२ वर आला. बी१२ आता ५४०. डॉक्टर म्हणाले, मुंग्या हळूहळू जातील, काही राहतीलही, नसांना वेळ लागतो. डाव्या पायाच्या गेल्या आहेत, उजव्याच्या अंगठ्यात अजून आहेत.

काल तिने न विचारता पिठल्यात हिरवी मिरची घातली. दोन घातल्या.